घरातल्या सगळ्यांचे डोळे: आधी कुणाला दाखवायचं, आणि चष्मा कसा निवडायचा?

चोपड्याची_सून
नमस्कार मंडळी. आमचं घर सहा माणसांचं. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. सासऱ्यांना बरीच वर्षं शुगर आहे. सासूबाई आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) सगळ्यांना सांगताहेत की पोथी आता चष्म्याशिवाय वाचता येते, डोळे सुधारले. मुलाला फळा दिसत नाही असं बाईंनी डायरीत लिहून पाठवलंय. मुलगी काही बोलत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. आणि आमचे हे रोज अंधार पडल्यावर जळगावहून गाडी चालवत येतात, समोरच्या ट्रकचा उजेड सहन होत नाही म्हणतात.

एका दुकानावर ‘एकावर एक चष्मा, तपासणी मोफत’ असा फलक लागलाय. सगळ्यांना तिथेच नेऊन आणावं असं घरात चाललंय. मला पटत नाहीये, पण का ते घरच्यांना समजावता येत नाही. कुणाला आधी दाखवू, कुणाकडे, आणि चष्मा घेताना काय बघू?

तापीकाठ
ताई, इतका विचार कशाला? आमचं सगळं घर वर्षानुवर्षं एकाच चष्मेवाल्याकडे जातं. मशीनमध्ये बघतो, नंबर काढतो, आठवड्यात चष्मा. मोठ्या डॉक्टरकडे गेलं की दिवस मोडतो, फी वेगळी, वर डोळ्यात थेंब टाकून चार तास बसवतात. दिसत नाही, चष्मा लावला, दिसलं. विषय संपला.

अमळनेरी_मास्तर
मुलाचं आधी बघा. वर्गात रोज दिसतं: ज्याला फळा दिसत नाही तो पोरगा सांगत नाही, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. मग आपण त्याला कॉपी करतो म्हणून रागावतो, किंवा अभ्यासात कच्चा ठरवतो. डोळे बारीक करून बघणं, मान वाकडी करणं, पुस्तक नाकाला लावणं, सारखे डोळे चोळणं, ही लक्षणं. तुमच्या बाईंनी लिहून पाठवलं हे फार चांगलं केलं.

ऑप्टो_धुळे
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चष्म्याचे नंबर काढणं हाच माझा धंदा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

@तापीकाठ, मशीन जो नंबर देतं तो फक्त सुरुवातीचा अंदाज. त्यानंतर ट्रायल फ्रेम लावून, काचा बदलत, ‘ही बरी की ती बरी’ विचारत नंबर पक्का करायचा असतो. लहान मुलांत तर मशीन हमखास फसतं. मुलांच्या डोळ्याची फोकस करायची ताकद जबरदस्त असते, मशीनमध्ये बघताना ती डोळा ताणतात आणि उणे (मायनस, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा) नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून मुलांना थेंब टाकून बाहुली मोठी करून तपासावं लागतं. हे काम नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालचं.

आता चोपड्याच्या ताईंसाठी. माझ्या मते सगळ्यात आधी ती न बोलणारी मुलगी. पाच वर्षांची होऊन एकदाही तपासणी झालेली नाही, हीच मोठी गोष्ट. एका डोळ्याला नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला टाकतो आणि दुसऱ्यावर काम चालवतो. अशा मुलांना दोन्ही डोळ्यांनी मिळून सगळं दिसतं, तक्रार करायला काही कारणच नसतं. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी बहुतेक वेळा सुधारतो. उशीर झाला की पुढे कितीही भारी चष्मा लावा, त्या डोळ्याने पूर्ण दिसणं अवघड होऊन बसतं.

घरी एवढं करा: भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून आधी एक डोळा हाताच्या तळव्याने झाका, मग दुसरा. एक डोळा झाकू देते आणि दुसरा झाकला की हात ढकलते, चिडते, असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. तसं काही झालं नाही तरी तपासणी कराच.

शहादेकर
वरची पोस्ट वाचून आत्ता माझ्या पोराचे डोळे झाकून बघितले. दोन्ही ठीक वाटतात. तरी दिवाळीच्या सुट्टीत नेतोच.

भुसावळ_जंक्शन
सासूबाईंबद्दल लिहितो. चष्म्याशिवाय अचानक वाचता यायला लागणं, हे आमच्या आईचंही झालं होतं. घरात आनंदीआनंद. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू होतोय. डोळ्यातलं भिंग घट्ट होऊ लागलं की नंबर उणेकडे सरकतो, म्हणून जवळचं काही दिवस छान दिसतं आणि लांबचं धूसर होत जातं. त्यांना विचारा, दारात उभं राहून गल्लीच्या टोकाचं माणूस ओळखता येतं का.

नंदुरबारची_मिरची
अगं बाई! आमच्या मोठ्या आईचंही अगदी हेच चाललंय. आम्ही तिला शेवग्याच्या पानांची भाजी खाण्याचा गुण म्हणत होतो.

ऑप्टो_धुळे
@भुसावळ_जंक्शन अगदी बरोबर. शेवगा खाऊ द्या, चांगलाच आहे. शेवग्याची पानं, पालक, गाजर, पपई, आंबा यांतून अ जीवनसत्त्व मिळतं आणि लहान मुलांना तर ते फार लागतं. बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचा डोस देतात, तो चुकवू नका. पण मोतीबिंदू कुठल्याही भाजीने किंवा थेंबांनी उतरत नाही. त्याला शस्त्रक्रियाच.

पारोळ्याचा_पाटील
मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो ना? आणि ऑपरेशन हिवाळ्यात करावं, उन्हाळ्यात डोळा पिकतो असं जुनी माणसं सांगतात.

ऑप्टो_धुळे
पाटील साहेब, ते जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातलं. तेव्हा चीर मोठी असायची, टाके असायचे. आता चीर दोन-तीन मिलिमीटरची असते, आत घडीचं भिंग बसवतात, ऋतू कुठलाही चालतो. पिकायची वाट बघू नका, फार पिकलेला मोतीबिंदू काढणं उलट अवघड. रोजच्या कामात अडथळा यायला लागला की वेळ झाली समजा. शासकीय रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. आमच्या धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयातही नेत्रविभाग आहे.

यावलचा_शेतकरी
चष्म्यावर बोला, छान चाललंय, पण आपल्या भागात डोळे जातात ते शेतात. त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या शेजारच्या शेतात एक सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) कपाशीची पऱ्हाटी उपटत होता. काडी डोळ्याला लागली. जखम बारीक, रक्त नाही, काही नाही. त्याने मेडिकलवरून ‘लालीचे थेंब’ आणून टाकले. दोन दिवस बरं वाटलं, मग डोळा लाल भडक आणि बुबुळावर पांढरा ठिपका. तोवर बुरशी आत पसरली होती. डोळा वाचला, पण नजर गेली. डॉक्टरांनी सांगितलं की ओल्या-सुक्या झाडपाल्याने, काडीने, ज्वारीच्या पानाने लागलेल्या जखमेत बुरशी होते, आणि त्या थेंबांत स्टेरॉइड होतं, ते बुरशीला खतपाणी घालतं.

फवारणीचंही तेच. पोरं तोंडाला रुमाल बांधतात आणि डोळे उघडे. नंबरचा चष्मा लावला म्हणजे डोळा झाकला असं नाही, फवारा बाजूने आत जातो. चारी बाजूंनी बंद गॉगल फार महाग नसतो, एका बाटलीच्या औषधाहून स्वस्तच पडतो. मी माझ्या प्रत्येक माणसाला दिलाय आणि गॉगलशिवाय पंप हातात देत नाही.

नंदुरबारची_मिरची
दादा, खरं लिहिलंत. आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायकांचे डोळे दिवसभर पाण्याने भरलेले. त्यातल्या कितीतरी तोच हात पदराला पुसून डोळ्याला लावतात. कुणी तूप घाला सांगतं, कुणी मध. नक्की काय करावं?

डॉ_सातपुडा
मी नेत्रतज्ज्ञ आहे. मिरची असो वा फवारणीचं औषध, पहिला उपाय एकच: स्वच्छ पाणी, भरपूर, लगेच. औषध गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून सलग 15 ते 20 मिनिटं धार सोडायची. शेतात पिण्याचं पाणी असतं, तेच वापरा. डॉक्टर शोधायला आधी धावू नका, आधी धुवा, मग निघा, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत आणा. तूप, मध, गुलाबपाणी, एरंडेल, बाळंतिणीचं दूध यांतलं काहीही डोळ्यात नको.

यावलच्या दादांनी स्टेरॉइडचं लिहिलं त्यात एक भर घालते. आपल्याकडे मार्च-एप्रिलपासून ऊन आणि धूळ वाढली की मुलांचे डोळे खाजतात, विशेषतः मुलग्यांचे. एकदा डॉक्टरने थेंब दिले, बरं वाटलं, मग घरचे दरवर्षी तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून थेंब आणतात. त्यात स्टेरॉइड असलं तर महिनोन्महिने टाकल्याने डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाची नसच खराब झालेली बघताना जीव तुटतो, कारण गेलेली नजर परत आणता येत नाही. खाज आली तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, चोळू देऊ नका आणि दर वेळी नवी चिठ्ठी घ्या. सारखं चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडून तिरका नंबर (सिलिंडर) वाढू शकतो.

तापीकाठ
@डॉ_सातपुडा ताई, आमच्या पुतण्याचं हेच चालू आहे. चिठ्ठी दोन वर्षं जुनी. उद्याच त्याला घेऊन येतो. थेंब लगेच बंद करू का?

डॉ_सातपुडा
बाटली सोबत घेऊन जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे उद्याच जा आणि दाब मोजून घ्या. थेंब कसे कमी करायचे ते तेच सांगतील.

चाळीसगाव_एक्सप्रेस
ताईंच्या मिस्टरांसाठी: मीही रात्री चाळीसगाव-धुळे करतो. ते पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे घेऊ नका. उजेड कमी झाल्यासारखा वाटतो, पण रस्त्याकडेचा माणूसही कमी दिसतो. माझ्या बाबतीत बारीकसा तिरका नंबर निघाला. दिवसा तो जाणवत नव्हता, रात्री बाहुली मोठी झाली की प्रत्येक दिव्याला शेपूट फुटायचं. नंबर घातला, काचेवर अँटी-रिफ्लेक्शन (चमक कमी करणारं) कोटिंग घेतलं, गाडीची पुढची काच आतून पुसली. आता सुसह्य आहे. ट्रकवाले अप्पर-डिपर करत नाहीत, त्याला मात्र चष्मा नाही!

भुसावळ_जंक्शन
विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या गावात घरटी एक रेल्वेवाला. लोको पायलटच्या भरतीत नजरेची सगळ्यात कडक श्रेणी लागते, ए-वन, तीही चष्म्याशिवाय, आणि रंग ओळखण्याची चाचणी वेगळी. किती मुलं तीन-चार वर्षं अभ्यास करून लेखी पास होतात आणि मेडिकलला कळतं की लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. रंगांधळेपण बहुतेकदा जन्मापासूनचं असतं, ठिपक्यांच्या पुस्तकातून पाच मिनिटांत समजतं. दहावीआधी एकदा ही चाचणी करून घ्या, म्हणजे पोराला दुसरी वाट वेळेवर धरता येईल.

धरणगावकर_मावशी
मुलींबद्दल कुणीतरी बोला ना. आमच्या नात्यात एका मुलीला बारावीपर्यंत चष्मा लावू दिला नाही. का, तर स्थळं येणार नाहीत. वर ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हेही ऐकवायचे. ती पोर डोकं धरून बसायची, आई बाम लावायची.

ऑप्टो_धुळे
मावशी, चष्म्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबीने वाढतो म्हणून उणे नंबर वाढतो, चष्मा लावा की नका लावू. चष्मा न लावण्याने फक्त तेवढी वर्षं धूसर जातात. आणि चष्मा नकोच असेल तर 18 नंतर, नंबर किमान वर्षभर स्थिर राहिल्यावर लेसरचा पर्याय असतो, बुबुळाची जाडी तपासून. तोपर्यंत मुलीला फळा दिसू द्या.

रावेरची_केळी
मुलाचा नंबर वाढू नये म्हणून काही करता येतं का? आमच्याकडे मोबाइल आहेच, तो पूर्ण बंद होत नाही.

डॉ_सातपुडा
येतं. रोज साधारण दोन तास घराबाहेरच्या उजेडात घालवले तर लहान मुलांना उणे नंबर लागण्याची शक्यता कमी होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ऊन अंगावर घ्यायची गरज नाही. निंबाच्या सावलीतसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. मे महिन्यात 45 अंशांत दुपारी कुणी पाठवू नका, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी खेळू द्या. वाचताना पुस्तक कोपराच्या अंतरावर. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं, हे मोठ्यांनाही लागू. नंबर भरभर वाढत असेल तर कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब देतात, पण ते तपासूनच.

‘निळ्या किरणांपासून संरक्षण’ देणाऱ्या काचेला जास्तीचे पैसे मोजण्याआधी थांबा. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या) अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं आढळलं नाही. तेच पैसे मुलाच्या पॉलिकार्बोनेट काचेला घाला, ती चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही.

अहिराणी_भाऊ
बठ्ठं वाची टाकं. माले पटनं. पन आमना आजोबा बाजारमाईन चष्मा लई येतस, शंभर रुपयाना, आनि म्हनतस बेस शे. त्यासले काय सांगू?

ऑप्टो_धुळे
भाऊ, त्या चष्म्याने आजोबांचा डोळा बिघडत नाही, हे आधी सांगतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरका नंबर नसेल, तर पेपर वाचायला तो चालून जातो. धोका वेगळाच आहे. बाजारातून चाळिशी मिळाली की माणूस डॉक्टरकडे जातच नाही, आणि काचबिंदू तसाच आत वाढत राहतो. तो बहुतेकदा दुखत नाही, आधी बाजूची नजर खातो, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. चाळिशीच्या निमित्ताने डोळ्याचा दाब आणि मागची नस बघून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी तर नक्कीच.

पारोळ्याचा_पाटील
चष्मा निवडायचं राहिलंच की. मला तो रंग बदलणारा घ्यायचाय, शेतावर बरा पडेल. आणि दोन भागांचा की प्रोग्रेसिव्ह (मधे रेघ नसलेला, लांबचं-जवळचं एकाच काचेत)?

ऑप्टो_धुळे
रंग बदलणाऱ्या काचा थंडीत जास्त गडद होतात, कडक उन्हाळ्यात कमी. आपल्या मे महिन्यात जितकी अपेक्षा असते तितक्या त्या होत नाहीत. गाडीतही होत नाहीत, कारण त्या अतिनील (यूव्ही) किरणांनी गडद होतात आणि ती किरणं पुढची काच अडवते. शेतासाठी रुंद कडांची टोपी आणि यूव्ही 400 लिहिलेला गॉगल उत्तम. गॉगल गडद आहे पण यूव्ही अडवत नाही, असा मात्र घेऊ नका. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणं उलट जास्त आत जातात. चांगल्या दुकानात मीटरवर तपासून देतात, मागा.

बांध चढणं, जिना उतरणं जास्त असेल तर दोन भागांच्या काचेत पायरी खाली धूसर दिसते. नव्याने वापरणाऱ्या वयस्कर माणसांना मी लांबचा आणि जवळचा असे दोन वेगळे चष्मे सुचवतो. प्रोग्रेसिव्हला डोळ्याच्या मध्याची उंची फ्रेमवर खूण करून मोजावी लागते. ज्या दुकानात ती खूण करत नाहीत तिथे प्रोग्रेसिव्ह घेऊ नका, ऑनलाइन तर नकोच.

फ्रेमच्या काडीवर आतून 50, 18, 140 असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये. जुनी फ्रेम नीट बसत असेल तर तेच आकडे घेऊन जा. डोळा काचेच्या मधोमध यायला हवा. नंबर मोठा असेल तर फ्रेम लहान आणि गोलसर, म्हणजे कडा जाड होत नाहीत.

चाळीसगाव_एक्सप्रेस
आणि चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्या उन्हात कोटिंगला बारीक भेगा पडतात.

नंदुरबारची_मिरची
पदराने पुसू नका हेही लिहा. आधी पाण्याखाली धरायचा, मग मऊ कपडा.

चोपड्याची_सून
मंडळी, परत आले. जळगावला नेत्रतज्ज्ञांकडे सगळ्यांना घेऊन गेले, घरातला विरोध तुमच्या पोस्टी वाचून दाखवल्यावर मावळला.

मुलीच्या उजव्या डोळ्याला मोठा अधिक (प्लस) नंबर निघाला, डावा जवळजवळ ठीक. आळशी डोळाच. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. चष्मा कायम आणि डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मुलाला उणे नंबर. सासूबाईंना मोतीबिंदू, त्या आता स्वतःच ऑपरेशनची तारीख विचारताहेत. सासऱ्यांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर शुगरचे बारीक ठिपके दिसले, साखर आटोक्यात आणून सहा महिन्यांनी परत बोलावलंय, आणि तोवर नवा चष्मा करू नका म्हणाले. ते का, हे विचारायचं राहिलं. यांना कोटिंगचा चष्मा दिलाय.

मुलगी पट्टी लावायला तयार नाही, रडते. फ्रेमही नाकावरून घसरते.

डॉ_सातपुडा
साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर बदलतो, म्हणून थांबायला सांगितलं. ठिपके आहेत तर पडद्याची तपासणी चुकवू नका. नसते तरी शुगरवाल्याने ती वर्षातून एकदा करायचीच, दिसत असलं तरी. बाहुली मोठी करतात, तेव्हा त्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नका.

ऑप्टो_धुळे
फ्रेम बदलून घ्या. लहान मुलांसाठी नाकावर सिलिकॉनची गादी आणि कानामागे वळणारी मऊ काडी किंवा मागून पट्टा येतो. घसरलेल्या चष्म्याच्या वरून मूल बघत राहिलं तर उपचार फुकट. नवा चष्मा हातात आला की दुकानातच चिठ्ठीशी नंबर ताडून घ्या, उजवा-डावा उलटा बसलेला नाही ना तेही.

अमळनेरी_मास्तर
पट्टीची वेळ घरची ठेवता येते का ते डॉक्टरांना विचारा, आणि तेव्हा तिला आवडतं ते बारीक काम द्या. चित्र रंगवणं, मणी ओवणं. शाळेत लावायची असेल तर बाईंना आधी भेटून सांगा, त्या वर्गाला सांगतील. माझ्या वर्गात एका मुलीला पट्टी होती. मुलांना नीट समजावलं तर दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं स्वतःच पट्टी मागायला आले होते.

धरणगावकर_मावशी
पट्टीवर फुलपाखरू चिकटवून दे गं. आमच्या नातीने तशीच लावली.

चोपड्याची_सून
आज लावली, दोन फुलपाखरं चिकटवून. भावालाही एक लावून मागितली तिने. उद्या फ्रेम बदलायला जाते.